शिदोरी आणि भरवसा : फादर चिशेक यांची दोन आत्मकथने

एकाच लेखकाने एकाच हकिगतीवर दोन पुस्तके लिहावीत आणि दुसऱ्याने पहिल्याची उलटतपासणी करावी, असा योग वाङ्मयात क्वचितच येतो. अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरू फादर वॉल्टर चिशेक (१९०४–१९८४) यांची ‘विथ गॉड इन रशिया’ (१९६४) आणि ‘ही लीडेथ मी’ (१९७३) ही दोन पुस्तके अशी आहेत. दोन्ही त्यांनी आपल्याच संघातील फादर डॅनियल फ्लाहर्टी यांच्या साहाय्याने सिद्ध केली. १९४० ते १९६३ या तेवीस वर्षांतील सोव्हिएत रशियातील वास्तव्य, त्यातील तुरुंग, श्रमछावण्या आणि पहाऱ्याखालची ‘सुटका’ हा दोहोंचा समान विषय. पहिले पुस्तक काय घडले ते सांगते. दुसरे त्याच घटनांकडे नऊ वर्षांनी पुन्हा वळून आपण कशाच्या बळावर तगलो, याचा शोध घेते. या दुसऱ्या पुस्तकाचे उत्तर आम्हांला मोलाचे वाटते, परंतु ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. त्या अडचणीपायीच हा लेख.

संकटकाळासाठी मन कसे घट्ट करावे हे शिकवणाऱ्या पुस्तकांना आज बाजारात तोटा नाही. त्यांपैकी बहुतेकांचे लेखक नदीच्या अलीकडच्या काठावर उभे राहून पोहण्याची कृती सांगतात. चिशेक पलीकडच्या काठावरून बोलतात, आणि ते बोलतात आपल्या बुडण्याविषयी. वास्तविक संकटाची पूर्वतयारी ज्याने जाणूनबुजून, जवळजवळ हट्टाने केली, असा त्यांच्याइतका माणूस शोधूनही सापडणे कठीण. पेन्सिल्व्हेनियातील शेनंडोआ या कोळसाखाणींच्या गावी, पोलिश स्थलांतरितांच्या घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते मारामाऱ्या करणारे, टोळीत वावरणारे. अशा मुलाने गुरुविद्यालयात जाण्याचे मनावर घेतले याचे घरच्यांनाही आश्चर्य वाटले. तेथे गेल्यावर भाविकपणाचा शिक्का आपल्यावर बसू नये म्हणून की काय, त्यांनी स्वतःला कठोर करण्याचा चंग बांधला. पहाटे साडेचारला उठून तळ्याभोवती पाच मैल धावायचे, नोव्हेंबरच्या गोठत्या पाण्यात पोहायचे, एका उपवासकाळात चाळीस दिवस केवळ भाकरी आणि पाणी, तर एकदा वर्षभर मांसाहार वर्ज्य. घराची ओढ मोडावी म्हणून सुटीतही घरी न जाता शेतावर एकट्याने राबायचे. हे सर्व पहिल्या पुस्तकात मोठ्या रंगतीने आले आहे. वाचकाला हा मुलगा आवडतो, आणि तो आवडावा अशीच लेखकाचीही इच्छा दिसते.

पुढची वाटचाल या तालमीला साजेशीच झाली. १९२८ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. रशियात जाऊन कार्य करण्यास कोण तयार आहे, अशी पृच्छा पोप अकरावे पायस यांच्याकडून १९२९ मध्ये आली तेव्हा त्यांनी आपले नाव दिले. रोममध्ये शिक्षण घेऊन १९३७ साली त्यांनी गुरुदीक्षा स्वीकारली आणि ते पूर्व पोलंडमधील आल्बर्टिन येथे रुजू झाले. युद्ध भडकले, तो प्रदेश रशियाच्या ताब्यात गेला, आणि १९४० साली ते खोट्या नावाने, मजुरांच्या लोंढ्यातून उरल पर्वताकडील लाकूडतोडीच्या कामावर पोहोचले. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीचा हेर म्हणून अटक झाली आणि त्यांची रवानगी मॉस्कोतील लुब्यांका तुरुंगात झाली.

येथे दोन्ही पुस्तकांचा मर्मबिंदू येतो. एकांतकोठडी आणि महिनोन्‌महिने चाललेली चौकशी. अखेर एके दिवशी अधिकाऱ्याने कबुलीजबाबाची जाडजूड चळत पुढे ठेवली आणि सांगितले की सही कर, नाही तर गोळी. ज्याने लहानपणापासून याच क्षणासाठी स्वतःला घडवले होते त्याने लेखणी उचलली आणि एकेका पानावर सही केली. १९४२ च्या जुलैमध्ये पंधरा वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली.

या सहीचे दोन पुस्तकांतील निवेदन शेजारी शेजारी ठेवून वाचावे, अशी आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे. पहिल्यात ती एका दीर्घ छळकथेतील घटना आहे. तेथे भूक आहे, जाग्रणे आहेत, शारीरिक आणि मानसिक यातना आहेत. वाचक लेखकाला तत्काळ क्षमा करतो आणि पान उलटतो. दुसऱ्या पुस्तकात लेखक वाचकाला ती क्षमा करू देत नाही. बाह्य कारणे तो जवळजवळ बाजूला सारतो आणि एकच प्रश्न धरून बसतो : मी इतकी वर्षे ज्याच्यावर विसंबलो होतो ते नेमके काय होते? त्याचे उत्तर निष्ठुर आहे. मी देवाचे नाव घेत होतो, पण भरवसा माझ्या स्वतःच्या पोलादी इच्छाशक्तीवर ठेवत होतो, असे ते सांगतात. प्रार्थनासुद्धा त्या इच्छाशक्तीला धार लावण्यापुरती उरली होती. ती धार बोथट झाली तेव्हा हाती काहीच राहिले नाही.

मराठी वाचकाला हे निवेदन खटकण्याचा संभव आहे, कारण आपल्या तुरुंगवाङ्मयाचा संस्कार निराळा आहे. ‘माझी जन्मठेप’ (१९२७) घ्या, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी केलेली गीताप्रवचने घ्या, किंवा नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेली ‘श्यामची आई’ घ्या. त्यांचा प्रकार, पिंड आणि राजकारण परस्परांहून भिन्न असले, तरी तुरुंग हे निश्चयाचे किंवा निर्मितीचे स्थान आहे, ही धारणा त्यांच्यामागे आहे. चिशेक यांच्या लेखी लुब्यांका हे निश्चय मोडण्याचे स्थान आहे. आणि तो मोडला हेच बरे झाले, असे ते म्हणतात.

सहीनंतर छळ थांबला नाही. शिक्षा होऊनही त्यांना आणखी चार वर्षे लुब्यांकातच ठेवण्यात आले. अधिकाऱ्यांना आता त्यांच्याकडून सहकार्य हवे होते, रोमला परत जाऊन हेरगिरी करावी इथपर्यंत सूचना आल्या. या काळात एकदा त्यांना अशा निराशेने ग्रासले की देवाचे भानच क्षणभर सुटले. त्या काळोखातून बाहेर पडताना त्यांना गेथसेमनी बागेतील ख्रिस्ताची प्रार्थना प्रथमच आपलीशी वाटली. पुढच्या वेळी सहीसाठी कागद समोर आला तेव्हा त्यांनी नकार दिला. गोळी घालू, ही धमकी तीच होती, परंतु भीती नव्हती. पहिला नकार देण्यासाठी त्यांनी आयुष्यभर तयारी केली आणि तो देता आला नाही. दुसऱ्या नकारासाठी कोणतीच तयारी नव्हती आणि तो सहज आला. हा विरोधाभास ग्रंथाचा कणा आहे. आध्यात्मिक आत्मकथनांत इतका प्रामाणिक कबुलीजबाब आमच्या वाचनात फारसा नाही.

परंतु येथेच आमचा आक्षेप सुरू होतो. चिशेक स्वतःवर थोडा अन्याय करतात, आणि त्या अन्यायामुळे वाचकाची दिशाभूल होऊ शकते. लुब्यांकातील त्यांचा दिनक्रम पाहा. येशूसंघाच्या एखाद्या घरात असावा तसा दिवस त्यांनी कोठडीत आखला होता. पहाटेचे समर्पण, ध्यान, मिस्साविधीतील प्रार्थना तोंडपाठ म्हणणे, दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण, पोलिश, लॅटिन आणि रशियन अशा तीन भाषांत जपमाळ. क्रेमलिनच्या घड्याळाचे टोले कोठडीत ऐकू येत, त्यांवर देवदूताची प्रार्थना चाले. जोडीला व्यायाम, जमीन घासून लख्ख करणे, पाठ असलेल्या कविता म्हणणे, तुरुंगाच्या ग्रंथालयातून मिळालेल्या रशियन कादंबऱ्या वाचणे. हा क्रम सहीपूर्वी होता आणि सहीनंतरही मोडला नाही. निराशेचा तो क्षण आला आणि गेला, तेव्हा उभे राहण्यासाठी पायाखाली जी जमीन होती ती या क्रमाची होती. गेथसेमनीचा प्रसंग त्यांना आठवला, कारण तो वर्षानुवर्षांच्या मननाने मुखोद्गत झाला होता. ज्याने तो कधी घोकलाच नाही, त्याला काळोखात काय आठवणार?

तात्पर्य, चिशेक ज्याला सरसकट ‘आत्मनिर्भरता’ म्हणून दूर लोटतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली गोष्ट सवय. तीत पाठांतर, नियम, शरीराला लावलेले वळण हे सगळे येते, आणि ती शिदोरीसारखी पाठीवर असते. दुसरी गोष्ट म्हणजे शिदोरी आहे म्हणून आपण पोहोचूच, हा भरवसा. लुब्यांकात मोडला तो भरवसा. शिदोरी शाबूत राहिली. दुसरे पुस्तक भरवशाच्या पराभवाचे वर्णन करता करता शिदोरीचेही मोल कमी करते, आणि एखादा आळशी वाचक त्यातून ‘काही करण्याची गरज नाही, देव पाहून घेईल’ असा सोयीस्कर अर्थ काढू शकतो. हा धोका काल्पनिक नाही. २०२० सालच्या पवित्र सप्ताहात चर्चची दारे बंद राहिली, तेव्हा दूरदर्शन संच आणि मोबाईल यांच्या पलीकडे घरोघरी काय उरले होते? ज्या घरांत आजीला जपमाळेची रहस्ये आणि जुनी गीते पाठ होती तेथे संध्याकाळ उभी राहिली. इतरत्र ती पडद्यावर अवलंबून राहिली. तयारी ही भरवशाची जागा घेऊ शकत नाही हे खरे, परंतु भरवसा तरी कोणत्या भाषेत बोलणार, हे तयारीच ठरवते.

गंमत अशी की, चिशेक यांच्या दुसऱ्या पुस्तकातच आमच्या बाजूचा पुरावा आहे, आणि तो सर्वांत सरस प्रकरणांत आहे. १९४६ साली त्यांना उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, नोरिल्स्कच्या श्रमछावण्यांत धाडण्यात आले. तेथील अनुभवावर त्यांनी ‘शरीर’ आणि ‘काम’ अशी दोन प्रकरणे लिहिली आहेत. संतचरित्रांत शरीराची बहुधा निंदा असते. येथे एक धर्मगुरू आपल्या थकल्या, उपाशी, गोठलेल्या शरीराचे कृतज्ञतेने ऋण मानतो. सारा भार शेवटी त्यानेच वाहिला, हे तो मान्य करतो. गोठत्या तळ्यात पोहणारा तो मुलगा येथे पुन्हा भेटतो, मात्र आता त्याच्यात मिरवण्याची हौस नाही. ‘काम’ या प्रकरणात, शत्रूच्या राज्यासाठी राबताना कुचराई का करू नये, यावरून सहकैद्यांशी झालेला मतभेद येतो. सोल्झेनित्सिन यांच्या ‘इव्हान डेनिसोविच’मधील (१९६२) भिंत रचणारा कैदी येथे आठवल्यावाचून राहत नाही. सोल्झेनित्सिन ती वीट, तो गारा, ती घाई डोळ्यांसमोर उभी करतात, चिशेक त्या श्रमाचा अर्थ सांगतात. कलादृष्ट्या पहिले श्रेष्ठ, यात संशय नाही.

श्रमछावणीतून जिवंत परतलेल्या प्रत्येकाला असा अर्थ सापडला असे मात्र कोणी समजू नये. कोलिमाच्या छावण्यांत वर्षे काढलेले वार्लाम शालामोव यांचे मत सर्वस्वी उलट होते. छावणी माणसाला काहीही चांगले शिकवत नाही, ती केवळ नासवते, असे त्यांचे म्हणणे. ते धर्मगुरूचे पुत्र, पण स्वतः श्रद्धावान नव्हते. तरीही छावणीत माणूसपण टिकवून धरणारा गट म्हणून त्यांनी धार्मिक लोकांचाच निर्देश केला आहे. चिशेक यांच्या पुस्तकाला याहून विश्वासार्ह साक्षीदार मिळणे कठीण, कारण हा साक्षीदार त्यांच्या बाजूचा नाही. मात्र शालामोव वाचल्यावर चिशेक यांच्या ग्रंथातील एक उणीव ठळक होते. त्यांच्या पानांवर शेजारचे कैदी फार लवकर धूसर होतात. जे मोडले आणि पुन्हा उठले नाहीत त्यांच्याविषयी लेखक थांबून विचार करत नाही. कृपा मला मिळाली, त्याला का मिळाली नाही, हा प्रश्न अशा ग्रंथात निदान उच्चारला जावा, अशी आमची अपेक्षा होती.

याला एक तेजस्वी अपवाद आहे, आणि तो मिस्साविषयीच्या प्रकरणात. मनुक्यांपासून केलेला द्राक्षारस, भाकरीचा तुकडा, बांधकामाच्या पायात चिखलात दबा धरून चाललेला विधी. त्या काळच्या नियमाप्रमाणे मध्यरात्रीपासून उपवास आवश्यक होता. छावणीत पोटभर अन्न कधीच नसे, तरी ख्रिस्तशरीर स्वीकारता यावे म्हणून कैदी सकाळची भाकरी न खाता कामावर जात, आणि विधी दुपारपर्यंत लांबला तरी तसेच राहत. येथे ‘मी’ मागे सरतो, इतरांचे चेहरे दिसू लागतात, उपदेशाची पट्टी आपोआप खाली येते. संपूर्ण ग्रंथ या पट्टीत असता, तर आमचे निम्मे आक्षेप उरले नसते.

अखेरची एक तक्रार नोंदवली पाहिजे. १९५५ साली चिशेक छावणीतून सुटले, पण देश सोडण्याची मुभा नव्हती. नोरिल्स्क, क्रास्नोयार्स्क, अबाकान अशी त्यांची गावे बदलत गेली. जेथे भाविक जमू लागत तेथून पोलीस त्यांना हुसकावून लावत. अबाकानमध्ये ते मोटारदुरुस्तीचे काम करत. १२ ऑक्टोबर १९६३ रोजी कैद्यांच्या अदलाबदलीत ते न्यूयॉर्कला परतले, तोवर त्यांच्या संघाने त्यांना मृत समजून त्यांच्यासाठी मिस्सादेखील अर्पण केल्या होत्या. या आठ वर्षांत गोळीची धमकी नव्हती, एकांतकोठडी नव्हती. केवळ रोजची मजुरी होती, पाळत होती, आणि उद्या गाव सोडावे लागेल ही धास्ती होती. वाचकांपैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारा कठीण काळ लुब्यांकापेक्षा या अबाकानशी अधिक जुळणारा असतो. पण दुसऱ्या पुस्तकात या वर्षांतून निघालेली प्रकरणे स्वातंत्र्य, नम्रता, श्रद्धा अशा व्यापक विषयांकडे वळतात, आणि त्या मोटारगाडीखाली तेलकट हातांनी झोपलेल्या धर्मगुरूचा एक सबंध दिवस आम्हांला कोठेही मनाजोगता पाहायला मिळत नाही. त्यासाठी पहिल्या पुस्तकाची शेवटची प्रकरणेच पुन्हा उघडावी लागतात.