वल्कलावरचं नैरोबी

मायकेल आर्मिटेज यांच्याविषयी लिहिताना समीक्षक पहिल्याच परिच्छेदात त्यांचे आई-वडील सांगून टाकतात. आई किकुयू, वडील इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे. जन्म १९८४चा, नैरोबीतला. पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेतून पदवी, आणि २०१०मध्ये रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेतून पदव्युत्तर शिक्षण. माहिती खरी आहे, पण चित्राची किल्ली म्हणून ती प्रेक्षकाच्या हाती दिली की चित्राची वाटणी सुरू होते. झाडं, माकडं, भडक जांभळा रंग आईकडचा. रचना आणि तैलरंगाची रीत वडिलांकडची. या वाटणीत चित्रकार हरवतो. आर्मिटेज यांचं वेगळेपण शोधायचं तर त्यांच्या वंशावळीपेक्षा ते कशावर रंगवतात, हे आधी पाहावं.

ते कॅनव्हास वापरत नाहीत, लुबुगो वापरतात. युगांडातल्या बुगांडा राज्यात मुटुबा नावाच्या अंजीरवर्गीय झाडाच्या सालीपासून हे वल्कल तयार होतं. पावसाळ्यात झाडाची आतली साल सोलून काढतात, उघडं पडलेलं खोड केळीच्या पानांनी गुंडाळून ठेवतात, म्हणजे साल पुन्हा धरते. काढलेली साल खाचा असलेल्या लाकडी मोगऱ्यांनी तासन्‌तास बडवली की ती मऊ आणि रुंद होत जाते, उन्हात विटकरी रंगावर येते. राज्याभिषेकाला हे वस्त्र लागतं, मृतदेह गुंडाळायलाही लागतं. एकोणिसाव्या शतकात अरब व्यापाऱ्यांबरोबर सुती कापड आलं आणि हा धंदा खालावला. २००५मध्ये युनेस्कोनं त्याची वारसा म्हणून नोंद घेतली. आर्मिटेज यांना हे वल्कल सापडलं ते मात्र नैरोबीत, पर्यटकांसाठी वस्तू विकणाऱ्या बाजारात. प्रेतवस्त्राची शोभेची वस्तू झालेली पाहणं, ही त्यांच्या कामाची खरी सुरुवात म्हणता येईल.

लुबुगो चित्रकाराचं ऐकत नाही. त्यात भोकं असतात, गाठी असतात, तुकडे जोडल्याच्या शिवणी असतात. आर्मिटेज पातळ थर देतात, खरवडतात, पुन्हा देतात. पण एखादं भोक नेमकं चेहऱ्यात येतं, शिवण अंगावर जखमेच्या व्रणासारखी उमटते. छापील प्रतिमेत किंवा मोबाइलच्या पडद्यावर हे जवळजवळ नाहीसं होतं आणि उरतात ते गोड रंग. त्यांच्या चित्रांविषयीचे बरेच गैरसमज या सपाट प्रतिमांतून आले असावेत.

‘माय ड्रेस माय चॉइस’ (२०१५) हे चित्र घ्या. २०१४मध्ये नैरोबीत एका स्त्रीचे कपडे तोकडे ठरवून पुरुषांच्या जमावानं भररस्त्यात तिची वस्त्रं उतरवली. त्याचं चित्रीकरण फिरलं, आणि स्त्रिया मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांची घोषणाच चित्राचं शीर्षक झाली. चित्रात पाठमोरी, आडवी नग्न स्त्री आहे. वेलास्केझच्या व्हीनसची आठवण लगेच येते. मग वर नजर जाते, तर पुरुषांच्या पायांची रांग. युरोपीय चित्रकलेनं शतकानुशतकं ज्या नजरेला सौंदर्यदृष्टी म्हटलं, ती नजर इथे जमावात उभी आहे आणि आपण प्रेक्षकही तिच्यापासून सुटत नाही. उसनी रचना अशी वापरली तरच तिला अर्थ आहे. ‘कम्पाला सबर्ब’मध्ये (२०१४) एकमेकांचं चुंबन घेणारे दोन पुरुष आहेत. त्याच वर्षी युगांडात समलैंगिकतेविरुद्धच्या कायद्यावर सही झाली होती, हे ठाऊक असलं की त्या चित्रातली कोवळीक फार धीट वाटते.

२०१७च्या केनियन निवडणुकीच्या वेळी आर्मिटेज एका वार्तांकन करणाऱ्या चमूबरोबर विरोधी पक्षाच्या सभेला गेले. त्यातून निघालेली चित्रमालिका २०१९च्या व्हेनिस बिएनालेत लागली. ‘द फोर्थ इस्टेट’मध्ये सभा पाहायला माणसं झाडावर चढून बसली आहेत, फांदीवर बसलेल्या माणसांचं गोयाचं मुद्राचित्र त्यामागे आहे. सभेतला उन्माद, थट्टा आणि भीती एकाच झाडावर दाटीनं बसलेली दिसतात. राजकीय चित्रकलेत इतका संयम क्वचित आढळतो.

सगळीच चित्रं या उंचीची नाहीत. कधी संदर्भांची गर्दी होते. गोगँ, तिशियन, बातमी, दंतकथा अशी सरमिसळ झाली की चित्र दिसण्याऐवजी उलगडत बसावं लागतं. आणि रंगांच्या मोहकतेचा प्रश्न उरतोच. पश्चिमेला हवी असलेली रसरशीत आफ्रिका दाखवून ते तिच्यातच काटा लपवतात, पण काटा न टोचताही चित्र विकत घेता येतं. ‘द कॉन्झर्व्हेशनिस्ट्स’ २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अंदाजापेक्षा कितीतरी पट अधिक, सुमारे १५ लाख डॉलरला गेलं. एवढ्या किमतीची चित्रं नैरोबीच्या भिंतीवर सहसा लागत नाहीत.

म्हणूनच म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्टमध्ये सुरू होऊन २०२१मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत आलेलं ‘पॅराडाइज इडिक्ट’ हे प्रदर्शन मला त्यांच्या कुठल्याही एका चित्राहून महत्त्वाचं वाटतं. तिथे त्यांनी स्वतःच्या चित्रांशेजारी पूर्व आफ्रिकेतल्या सहा चित्रकारांना जागा दिली: एलिमो न्जाऊ, थेरेसा मुसोके, जॅक काटारिकावे, साने वाडू, असाफ न्गेथे माचुआ, मीक गिचुगू. न्जाऊ यांनी १९६५मध्ये नैरोबीत ‘पा या पा’ कलाकेंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. १९९७च्या आगीत त्याचा मोठा ठेवा जळाला. कम्पालाच्या मकेरेरे विद्यापीठात शिकलेल्या मुसोके यांच्या कामात प्राणी रेषांच्या जाळ्यातून हळूहळू उमटतात. काटारिकावे स्वतःच शिकले आणि गाईंची स्वप्नं रंगवत राहिले. वाडू यांनी शिक्षकाची नोकरी सोडून ब्रश धरला. ही परंपरा सलग आहे, समृद्ध आहे. तुटपुंजा आहे तो तिला सांभाळणाऱ्या संस्थांचा आधार. ती उणीव जाणून आर्मिटेज यांनी २०२०मध्ये नैरोबी कंटेम्पररी आर्ट इन्स्टिट्यूट स्थापन केली. एका मॉलमधल्या जागेत चालणाऱ्या या संस्थेनं २०२२मध्ये वाडू यांच्या कामाचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं.

आर्मिटेज हे आजच्या मोजक्या महत्त्वाच्या चित्रकारांपैकी आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्यांच्या चित्रांच्या प्रतिमा शोधायला बसाल, तेव्हा मुसोके आणि वाडू यांचीही चित्रं शोधा, आणि शक्यतो ती आधी पाहा.