मासे दुपारी का मरत नाहीत?

उन्हाळ्यात पैनगंगेच्या किंवा वर्धेच्या डोहात मेलेले मासे तरंगू लागले की कारण ठरलेले असते: ऊन वाढले, पाणी तापले, प्राणवायू उडून गेला. यवतमाळ जिल्ह्यात पारा 44-45 अंशांवर जातो, त्यामुळे ते चटकन पटते. वर्गातही आपण बहुधा हेच सांगतो. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण ते अर्ध्यावर थांबते, असा आमचा आक्षेप आहे.

थंड प्रदेशातील सॅल्मन माशाला ते चपखल लागू पडते. स्कॉटलंडच्या नद्यांवर गळाला कृत्रिम माशी लावणारे शौकीन जवळ तापमापक बाळगतात. पाणी फार गार असेल तर मासा सुस्त असतो, म्हणून माशी खोल बुडवायची. पाणी उबदार झाले की तीच पृष्ठभागाजवळून फिरवायची. 20 अंशांच्या वर मात्र जाणकार गळ गुंडाळून ठेवतात, कारण झुंजून दमलेला सॅल्मन सोडून दिला तरी जगेलच असे नाही.

आपल्या रोहू-कतल्याची गोष्ट निराळी. त्यांची वाढच 25 ते 32 अंशांत चांगली होते. आता आकडे पाहू. हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात 10 अंशांना सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 20 ला 9.1, 30 ला 7.6 आणि 35 ला जवळपास 7. या माशांना 5 मिलिग्रॅमही पुरतो. मग ते मरतात कशाने? (घोट्याएवढे डबके 40 अंशांपुढे तापले तर अर्थात उष्णताच मारते.)

शिवाय प्राणवायूअभावी मासे मरतात ते बहुधा पहाटे, म्हणजे पाणी सर्वांत गार असते तेव्हा! किती मावतो यापेक्षा किती खर्च होतो, हा खरा प्रश्न आहे. तापमान 10 अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. माशांचा, शेवाळाचा आणि गाळ कुजवणाऱ्या जिवाणूंचाही. दिवसा हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री तेही केवळ वापरते. आटलेल्या डोहात मुळात साठा थोडा, त्यात सांडपाणी मिसळले तर पहाटेपर्यंत शिल्लक 2 मिलिग्रॅमच्या खाली येऊ शकते. त्याच डोहात मरळ आणि मागूर मात्र जगतात. ते पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात.

सगळा दोष उन्हावर टाकला की डोहात पाणी किती उरले होते आणि त्यात काय सोडले गेले, हे कोणी विचारत नाही. नुकसान मात्र तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार संस्थेचे होते.

शिक्षकांनी मुलांना गावच्या तलावाचे तापमान दुपारी दोनला आणि पहाटे पाचला मोजायला सांगावे, आणि मासे तोंड वर काढून हवेसाठी कधी धडपडतात याची नोंद शेजारच्या रकान्यात करायला लावावी.