अंगणाचे माप

चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांचे नाव निघाले की आपल्या लोकांना प्रथम आठवते ते दादरचे पोर्तुगीज चर्च. १९७०च्या दशकात उभी राहिलेली ही वास्तू कित्येकांना अजूनही चर्चसारखी वाटत नाही, हा भाग निराळा. आमच्या मते मात्र कोरियांचे सर्वांत विचारप्रवर्तक काम नवी मुंबईत बेलापूरला आहे. ज्यांच्या घरी पुनर्विकासाचे कागद सहीसाठी येऊन पडले आहेत, त्यांनी ते एकदा अवश्य पाहून यावे.

१९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी बांधलेली ही वसाहत 'आर्टिस्ट्स व्हिलेज' म्हणून ओळखली जाते. सुमारे आठ मीटर लांबरुंद अंगणाभोवती सात घरे. अशा तीन गटांची मिळून एकवीस घरे आणि त्यांच्यामध्ये बारा मीटरांचे मोठे अंगण. याच क्रमाने वाढत गेलेली वस्ती. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. कुटुंब वाढले, हाती चार पैसे आले, की ज्याने त्याने आपले घर वाढवावे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे थोरामोठ्यांच्या वाट्यालाही फार जास्त जमीन नाही. उंच इमारतींवाचून गर्दीच्या शहराला गत्यंतर नाही, असे सांगणाऱ्यांना हेक्टरी सुमारे ५०० माणसांची ही ठेंगणी वस्ती अडचणीची वाटावी.

तिच्यात उणिवा आहेतच. रहिवाशांनी घरे नुसती वाढवली नाहीत. अनेकांनी मूळची उतरत्या छपराची घरे पाडून काँक्रीटचे बंगले बांधले. जमिनीचे भाव चढले की असे घर अल्प उत्पन्नाच्या माणसाकडे किती काळ टिकावे, याचे उत्तर आराखड्यात नाही. जुनी छायाचित्रे पाहून तेथे जाणारा हिरमुसतो. आम्हांला ती निराशा अनाठायी वाटते. घरांचे रूप पालटले तरी त्यांच्यामधली अंगणे शिल्लक आहेत. स्थापत्यकाराने आपली सही भिंतींवर न करता मोकळ्या जागेवर केली होती.

(याच कोरियांची कंबाला हिलवरची कांचनजंगा, १९८३ मध्ये पूर्ण झालेली, ८४ मीटर उंच आहे. तेथेही प्रशस्त दुमजली गच्च्या आहेत. पण ती सोय ३२ श्रीमंत घरांपुरती.)

बेलापूरचे अंगण आपल्याला परके वाटू नये. मुंबईच्या गावठाणांत क्रूसासमोरची जागा अशीच आहे. मे महिन्यात संध्याकाळी तेथे जपमाळ होते, लितानी म्हटली जाते, मग चणे वाटले जातात आणि नंतर अर्धा तास कोणी घरी जात नाही. त्या अर्ध्या तासात कोणाची नोकरी गेली, कोणाची म्हातारी आजारी आहे, हे साऱ्या पाखाडीला कळते. बहुमजली इमारतीत तळमजला मोटारींचा असतो. शेजारी लिफ्टमध्ये भेटतो, तोही वर जाईपर्यंत.

पुनर्विकासाच्या बैठकीत आपण काय विचारतो? कार्पेट किती, भाडे किती, पार्किंग एक की दोन. आम्ही पाहिलेल्या एका नकाशात क्रूस कुंपणाला टेकवून मोटारींच्या वाटेवर उभा केला होता. समोर दहा माणसेही उभी राहू शकली नसती. ही जागा किती मीटर, उघड्या आभाळाखाली की स्लॅबखाली, आणि ती कोणाच्या नावे राहणार, हे करारात लिहून घेता येते. सही होण्यापूर्वी.