'बेवकूफ' आणि त्याचे मराठी भाऊबंद

मराठी कथा-कादंबऱ्यांतला मुसलमान रागावला की हमखास 'बेवकूफ!' म्हणतो. त्याचे गाव, पेशा, बोली यांतले काहीही लेखकाला ठाऊक नसले तरी चालते. 'बेवकूफ', 'खुदा कसम' आणि 'तोबा तोबा' एवढ्यावर पात्र उभे राहते. कोकणातल्या आमच्या घरी मात्र आई आम्हांला 'खुळ्या' म्हणायची. देशावरच्या नातेवाइकांकडे गेलो की 'येड्या' ऐकू यायचे. असा 'खुळ्या' म्हणणारा मुसलमान आपल्या साहित्यात फारसा भेटत नाही.

गंमत पुढेच आहे. त्याच कथेतले गुरुजी 'त्याचा तेवढा वकूब नाही' असे म्हणतात, तेव्हा ते शुद्ध मराठी ठरते. वास्तविक 'बेवकूफ' आणि 'वकूब' हे सख्खे भाऊ. मूळ अरबी शब्द 'वुकूफ'. त्याचा अर्थ थांबणे, उभे राहणे. त्यावरूनच एखाद्या गोष्टीची माहिती असणे, जाण असणे. त्याला फारसीतला 'बे' लागला आणि 'बेवकूफ' झाला, म्हणजे जाण नसलेला. मराठीने 'फ'चा 'ब' केला आणि 'जाण'ऐवजी 'कुवत' हा अर्थ रूढ करून 'वकूब' आपलासा केला. 'वाकीफ'चा 'वाकब' झाला, त्यातून 'वाकबगार' आला. मालमत्ता विक्री-वारशातून थांबवून धर्मकार्यासाठी राखणारा 'वक्फ' याच कुळातला. ९ जिलहज्जला हाजी अरफातच्या मैदानावर थांबतात, तोही 'वुकूफ'च.

हे ध्यानात घेतले की 'बेवकूफ' आणि 'मूर्ख' यांतला फरक जाणवतो. समर्थांनी दासबोधात मूर्ख आणि पढतमूर्ख अशी दोन्ही लक्षणे सांगितली. पढतमूर्खाला माहितीची वाण नसते, तरी तो मूर्खच. बेवकूफ मुळात केवळ अजाण आहे. क्षणभर थांबला, समजून घेतले, तर तो वाकीफ होऊ शकतो. वापरात या शब्दाला शिवीची धार आली, पण त्याच्या पोटात ही आशा शिल्लक आहे.

शब्दांची जात विचारण्याची सवय आपल्याकडे जुनीच. ज्या माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश दिला, तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. तरीही 'वकूब' टिकला, 'वाकबगार' टिकला. कारण ते परके आहेत हे लोक विसरून गेले होते. 'बेवकूफ'च्या वाट्याला हे विसरणे आले नाही. त्याला दाढी आणि टोपी चिकटवली गेली.

तक्रार शब्दाविषयी नाही. 'बेवकूफ' आमचा आहे, तसा 'खुळा'ही आमचाच आहे. मराठी लेखकाने मुस्लिम पात्राच्या तोंडी शब्द घालण्यापूर्वी त्याच्या दारात जरा थांबावे, आत काय बोलतात ते ऐकावे. वुकूफ म्हणजे दुसरे काय? आणि आपणही, मराठीत लिहिताना घरातला 'खुळा' वगळून केवळ आब म्हणून 'बेवकूफ' लिहीत असू, तर तोच प्रश्न स्वतःला विचारायला हवा.