आश्रमशाळांच्या स्मरणिका व दाखलनोंदीचें पुस्तक : साधनांची एक परीक्षा

महाराष्ट्र सरकारनें १९७२-७३ सालापासून आदिवासी मुलखांत शासकीय निवासी आश्रमशाळांची योजना हातीं घेतली. तिला आतां पन्नासांहून अधिक वर्षें झालीं. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील जुन्या शाळांच्या सुवर्णमहोत्सवांचा हा काळ असून त्या निमित्तानें छापलेल्या कांहीं स्मरणिका आमच्या पाहण्यांत आल्या. शाळांचीं नांवें आम्ही येथें देत नाहीं. कारण जो दोष दाखवावयाचा आहे तो एखाद्या शाळेचा नसून या लेखनप्रकाराचा आहे. पुढेंमागें या मुलखाच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारा मनुष्य प्रथम याच पुस्तकांकडे धांव घेणार, म्हणून त्यांची किंमत आजच ठरविणें अवश्य आहे.

स्मरणिकेचा सांचा ठरलेला असतो. आरंभीं थोरामोठ्यांचे संदेश, मग संस्थापकांचें चरित्र, मग मुख्याध्यापकांची परंपरा, परीक्षांचे निकाल, आणि शेवटीं देणगीदारांची नामावळी. ज्यांनीं ताम्रपट वाचले आहेत त्यांस ही रचना अनोळखी वाटणार नाहीं. मंगल, वंशावळ, पराक्रम, दान आणि दान मोडणारास शाप हा तिकडचा क्रम. शाप तेवढा स्मरणिकेंत नसतो. ताम्रपटांतील राजाला इंद्राची उपमा दिलेली आपण वाचतों, पण त्यावरून त्याचें राज्य स्वर्गावर होतें असें कोणी लिहीत नाहीं. तिथि, गांवांचीं नांवें व दानाच्या सीमा तेवढ्या आपण उचलतों. स्मरणिकेसही हाच नियम लावावा. शाळा कोणत्या वर्षीं कुडाच्या खोलींतून पक्क्या इमारतींत गेली, वीज केव्हां आली, पर्लकोटेच्या पुरानें भामरागडकडील वाट बंद पडली म्हणजे धान्याची तरतूद कशी करीत, असल्या गोष्टी तिच्यांत मिळतात व त्या मोलाच्या आहेत.

विशेषणांची गोष्ट निराळी. शाळा येण्यापूर्वीं येथें केवळ अज्ञानाचा अंधार होता, हें वाक्य थोड्याफार फरकानें प्रत्येक स्मरणिकेंत आढळतें. गोटूलाचा उल्लेख आलाच तर करमणुकीचें ठिकाण म्हणून एका ओळींत येतो. तेथें मुलें वडीलधाऱ्यांपासून गाणें, कथा, कुळाचे नियम व जंगलाची ओळख शिकत, हें लेखकांच्या ध्यानांतही येत नाहीं. ज्यांच्यासाठीं शाळा काढली त्या माडिया व गोंड मुलांचें स्वतःचें बोलणें फार तर दोन पृष्ठें, आणि तेंही शिक्षकानें हात फिरविलेल्या मराठींत. गोंडी भाषेंतील एक संपूर्ण वाक्य आम्हांस या स्मरणिकांत कोठेंही सांपडलें नाहीं. मराठी-हिंदींहून सर्वस्वीं निराळ्या कुळांतील, म्हणजे द्राविडी, ही भाषा ग्रिअर्सननें १९०६ सालीं भाषापाहणीच्या चौथ्या खंडांत नमुन्यांसह नोंदविली. २०११ च्या जनगणनेंत ती बोलणारांची संख्या तीस लाखांच्या आसपास होती. एवढी मोठी भाषा शाळेच्या पन्नास वर्षांच्या वृत्तांतांतून निसटते, ती केवळ हलगर्जीनें निसटते असें म्हणवत नाहीं.

मग पाहावें कशांत? आमचें मत असें कीं, या विषयाचें मूळ साधन स्मरणिका नसून दाखलनोंदीचें पुस्तक, ज्याला शाळेंत जनरल रजिस्टर म्हणतात, तें होय. तें कोणाच्या स्तुतीकरितां लिहिलेलें नसतें. अनुक्रमांक, मुलाचें नांव, जात व पोटजात, मातृभाषा, जन्मस्थान, अंकीं व अक्षरीं जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण व शेरा असे त्याचे रकाने असतात. अशीं दोन जुनीं पुस्तकें आम्हांस चाळावयास मिळालीं. मोडी कागद ज्या रीतीनें तपासतात त्या रीतीनें, म्हणजे हात, शाई, खोड व दुरुस्ती पाहून, हींही तपासावीं लागतात.

प्रथम जन्मतारीख. पानेंच्या पानें १ जून ही तारीख येते. एका पाड्यांतील सर्व मुलें एकाच दिवशीं जन्मलीं असें यावरून कोणी समजणार नाहीं. दांत व उंची पाहून वर्ष आणि शाळेच्या सोयीनें दिवस गुरुजींनीं ठरविला, एवढाच त्याचा अर्थ. पण हीच तारीख पुढें दाखल्यावर, नोकरींत व सेवानिवृत्तींत त्या मनुष्याबरोबर जन्मभर चालते. नंतर नांव. घरीं आजोबाच्या नांवानें हांक मारला जाणारा मुलगा वहींत पुराणांतल्या देवाच्या नांवानें उतरतो. आडनांवाच्या लेखनांत तर एकाच कुळाचीं तीन रूपें तीन वर्षांत आढळतात. आडनांव म्हणजे येथें नुसती ओळख नव्हे. गोंडांत चार, पांच, सहा व सात देवांचीं कुळें असून सोयरीक त्यावरून ठरते. वहींतील एका मात्रेच्या फरकानें कुळाची खूण पुसली जाते. पाठभेदांवर वर्षें घालविणाऱ्या आमच्या वाचकांस याचें महत्त्व सांगावयास नको.

मातृभाषेचा रकाना सर्वांत बोलका. एका पुस्तकांत पहिलीं कांहीं वर्षें ‘माडिया’ व ‘गोंडी’ असें लिहिलें असून पुढें हस्ताक्षर बदलतांच सरसकट ‘मराठी’ येऊं लागतें, आणि खालीं तीच खूण ओढलेली दिसते. मुलांची भाषा बदलली नाहीं, लेखक बदलला. यावरून त्या भागांत गोंडी केव्हां मागें पडली याचा काल कोणी काढूं लागला तर तो कारकुनाच्या बदलीची तारीख काढील. १९५६ सालीं घटनेंत घातलेल्या ३५० अ या अनुच्छेदानें भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करण्यास राज्यांस सांगितलें आहे. ज्या मुलाची मातृभाषा वहींतच मराठी झाली त्याचा हक्क मागावा तरी कोणीं?

शाळा सोडण्याच्या कारणांत ‘सतत गैरहजर’ हें पद वारंवार येतें. हें कारण नव्हे, हा परिणाम आहे. मूल घराच्या ओढीनें पळालें, मोहफुलें वेंचावयास राहिलें, आजारी पडलें, कीं दगावलें, हें त्या दोन शब्दांच्या आड दडतें. ही शंका अवास्तव नाहीं. २०१६ सालीं राज्यपालांनीं आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा विचार करण्यास डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली होती. तिच्या पाहणींतील पुष्कळ मृत्यूंचें कारण नोंदींत नव्हतेंच.

येथें कानडा देशाचें उदाहरण सहज आठवतें. तेथें सरकार व चर्च यांनीं चालविलेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मूळनिवासी मुलें गेलीं. १९२० च्या कायद्यानें तर मुलांस पाठविण्याची सक्ति झाली. २००८ ते २०१५ पर्यंत चाललेल्या सत्य व समेट आयोगानें नोंदींत सांपडलेल्या मृत्यूंपैकीं सुमारे एक-तृतीयांशांत मुलाचें नांव नाहीं व जवळजवळ निम्म्यांत कारण नाहीं असें दाखविलें. नोंदी कोठें गेल्या याचेंही उत्तर त्यानें दिलें. १९३५ च्या नियमानें शाळांचीं विवरणपत्रें पांच वर्षांनीं नष्ट करण्यास मुभा होती, आणि १९३६ ते १९४४ या काळांत त्या खात्याच्या दोन लाख फायली नाहींशा केल्या गेल्या. ही तुलना आंधळेपणानें करूं नये. आमच्याकडे मुलें आईबापांपासून कायद्यानें हिसकावून नेलीं नाहींत. बहुतेक आईबापांनीं दोन वेळच्या जेवणाच्या व शिक्षणाच्या आशेनें तीं स्वतः पाठविलीं, आणि याच शाळांतून डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले. कानडांतला ‘समेट’ शब्द तसाच उचलून येथें चिकटविणें म्हणजे एका राजवंशाची मुद्रा दुसऱ्याच्या सनदेवर मारण्यासारखें आहे. परंतु रद्दी दोन्ही देशांत एकाच प्रकारची निघते.

शाळेंत गोंडीला जागा देणें अशक्य होतें, हा आक्षेपही टिकत नाहीं. १९४३ पासून हैदराबाद संस्थानांत हायमेनडोर्फ यांच्या सल्ल्यानें आदिलाबादेंतील मारलवाई येथें गोंड शिक्षक तयार झाले व देवनागरींत गोंडी वाचनपुस्तकें छापलीं गेलीं. आज चंद्रपुरांत असलेला राजुऱ्याचा मुलूख त्या वेळीं आदिलाबादेंतच होता. अलीकडचें उदाहरण पाहावयाचें तर धानोरा तालुक्यांतील मोहगाव येथें २०१९ सालीं ग्रामसभेनें आपल्या ठरावानें गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्यानें ती अनधिकृत ठरविली. तरी तिचे ठराव, धडे व हजेरीचे कागद ही संग्रहाची वस्तु आहे, आणि तिच्याविषयींचा सरकारी पत्रव्यवहारही तितकाच.

आमच्या संग्राहकांची नजर या कागदांकडे वळत नाहीं. चांद्याच्या गोंड राजांची एखादी सनद कळली कीं आम्ही बल्लारपुरापर्यंत पायपीट करतों. हिस्लॉपनें प्रधानाच्या मुखांतून उतरून घेतलेली व टेंपलनें १८६६ सालीं छापलेली लिंगोची कथा आम्हांस प्राचीन म्हणून पूज्य; पण ती गाणारांचीं नातवंडें ज्या वहींत ‘मराठी’ झालीं ती वही शेराच्या भावानें गेली तरी चालते. पुष्कळ पानांस वाळवी लागली आहे. कांहीं शाळा बंद पडून दुसरींत मिळाल्या. त्यांचीं दप्तरें कोणाच्या ताब्यांत आहेत तें प्रकल्प कार्यालयांत विचारूनही लवकर कळत नाहीं.

म्हणून सूचना अशी : चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी व भामरागड येथील प्रकल्प कार्यालयांनीं आपल्या हद्दींतील सन २००० पूर्वींच्या दाखलनोंदी, हजेरीपट, आजाऱ्यांच्या वह्या व तपासणीचे शेरे यांची यादी करावी, आणि त्यांच्या छायाप्रती २०११ सालीं स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठांत ठेवाव्या. मूळ पुस्तकें शाळेंतच राहोत, तीं गांवाचीं आहेत. ज्यांचीं नांवें त्यांत आहेत तीं माणसें बहुतेक हयात आहेत, तेव्हां तीं सर्वांस उघडीं ठेवूं नयेत. कानडांत २०१७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, खाजगी चौकशींत दिलेल्या जबान्या राखावयाच्या कीं नष्ट करावयाच्या हें ज्याचें त्यानें ठरवावें, असा निर्णय दिला, तो येथें मार्गदर्शक होईल. नोंद वाचतांना शक्य तेथें त्या व्यक्तीसच जवळ बसवावें व तिचें घरचें नांव, कूळ आणि शाळा सोडण्याचें खरें कारण तिच्या भाषेंत बाजूस टिपून घ्यावें. टिपण निराळ्या कागदावर व निराळ्या शाईनें असावें. मूळ रकान्यांतील १ जून, चुकलेलें आडनांव व ओढलेली खूण यांस हात लावूं नये.