अहमदनगर टांकसाळीची मोहोर आणि आमचे संग्राहक

गेल्या दोन वर्षांत ‘अहमदनगर टांकसाळीची सोन्याची मोहोर’ म्हणून तीन नाणीं परीक्षणासाठीं आमच्यापुढें आलीं. तिहींपैकीं एकहि आपल्या अहमदनगरचें नव्हतें. एवढ्यावरून लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु तीं नाणीं ज्या शब्दांनीं वाखाणलीं गेलीं, ज्या किंमतीस विकलीं गेलीं आणि घेणाऱ्यांनीं विक्रेत्यास जे प्रश्न विचारलेच नाहींत, त्यांवरून आपल्या संग्रहाच्या पद्धतींतच कांहीं मुळांतला दोष शिरला आहे, असें आम्हांस वाटूं लागलें. तो दोष येथें उघडपणें मांडण्याचें योजिलें आहे. जिल्ह्याचें व शहराचें नांव इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. नाण्यांवर कोरलेलें नांव अहमदनगर असल्यामुळें टांकसाळीपुरतें तेंच आम्हीं ठेविलें आहे.

पहिल्या मोहोरेचा निकाल लवकर लागला. मोगली ठसा चकतीहून मोठा असे, त्यामुळें टांकसाळीचें सबंध नांव चकतीवर उमटतेंच असें नाहीं. या मोहोरेवर ‘अहमद’ एवढींच अक्षरें होतीं, पुढचा भाग कांठाबाहेर गेलेला. अहमदाबादची टांकसाळ मोठी, तिचीं नाणीं उदंड; अहमदनगरचीं त्या मानानें थोडीं. तेव्हां अर्धें नांव दिसलें कीं तें दुर्मिळ बाजूस ओढावयाचें, हा बाजाराचा न्याय. अक्षरांची मांडणी दोहों टांकसाळींच्या पूर्ण उमटलेल्या नाण्यांशीं ताडून पाहतां ती मोहोर गुजराथेंतील ठरली.

दुसरीवर ‘अहमदनगर’ हीं अक्षरें स्वच्छ होतीं, आणि मालक त्याच जोरावर निश्चिंत होते. पण नाणें शाहआलम दुसरा याच्या नांवाचें, म्हणजे इ. स. १७५९ नंतरचें. अहमदनगरचा किल्ला तर त्याच वर्षीं पेशव्यांच्या ताब्यांत आलेला. खुलासा असा कीं, गंगेच्या कांठच्या फर्रुखाबादेस अहमदखान बंगष याच्या नांवावरून ‘अहमदनगर-फर्रुखाबाद’ म्हणत, आणि तेथील नाण्यांवर हें जोडनांव येतें. ‘फर्रुखाबाद’ हा शब्द या चकतीवर अर्धवट पडला होता. वाचणाऱ्यानें तो वाचलाच नाहीं. दुआबांतील मोहोर निजामशहाच्या राजधानीच्या नांवानें पुण्यास विकली गेली आणि सहा वर्षें एका कांचेच्या पेटींत मानानें बसली.

तिसऱ्या नाण्याविषयीं जरा विस्तारानें लिहिलें पाहिजे. तें औरंगजेबाच्या नांवाचें. टांकसाळ अहमदनगर, सालें स्पष्ट. औरंगजेब इ. स. १७०७ त अहमदनगरनजीक छावणींत वारला, हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें अशा नाण्यास एक प्रकारचें करुण वलय चढतें आणि किंमतहि चढते. आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. फारसी अक्षरें आम्ही निवृत्तीनंतर, एका वृद्ध मौलवीसाहेबांच्या पायाशीं बसून शिकलों. त्यांनीं शिकविलेली पहिली गोष्ट येथें उपयोगी पडली. औरंगजेबाच्या नाण्यांवर जें फारसी पद्य येतें, त्यांत सोन्यासाठीं व चांदीसाठीं एका शब्दाचा फरक आहे. मोहोरेवर ‘मिहर’ म्हणजे सूर्य, रुपयावर ‘बद्र’ म्हणजे पूर्णचंद्र. सोनें सूर्यासारखें, चांदी चंद्रासारखी, हा कवीचा संकेत. आमच्या पुढ्यांतील सोन्याच्या नाण्यावर ‘बद्र’ होता.

एवढ्यावरून नाणें खोटें ठरवणें उतावळेपणाचें झालें असतें, कारण या नियमास अपवाद सांपडतात. कांहीं टांकसाळींच्या रुपयांवर ‘मिहर’ आलेला आहे. म्हणून तराजू आणविला. मोगली मोहोर अकरा ग्रॅमच्या जरा आंत भरते, रुपया साडेअकरांच्या आसपास. सोनें चांदीहून सुमारें पावणेदोन पट जड असल्यामुळें खरी मोहोर रुपयापेक्षां अंगानें लहान असते. हें नाणें मात्र आकारानें व जाडीनें थेट रुपयाएवढें, आणि वजन सतरा ग्रॅम! मग दोऱ्यानें बांधून पाण्यांत लोंबतें तोललें. वजन एक ग्रॅम व एक दशांश उतरलें. सतरास त्यानें भागितां साडेपंधरा येतात. शुद्ध सोन्याचें विशिष्टगुरुत्व एकोणीस व तीन दशांश. औरंगजेबाच्या मोहोरेचें सोनें जवळजवळ शुद्ध. म्हणजे हें हिणकस सोनें, रुपयाच्या सांच्यांत ओतलेलें. भिंग लावतांच पृष्ठावर ओतकामाचीं बारीक छिद्रें दिसलीं, कांठावर कानशीचे ओरखडेहि.

येथें आम्हांस एक गोष्ट न्यायबुद्धीनें नमूद करावीशी वाटते. ज्या सोनारानें हें ओतलें त्यानें लबाडीच केली असेल असें नाहीं. लक्ष्मीपूजनांत ठेवण्यासाठीं किंवा गळ्यांत घालण्यासाठीं घरांतल्या जुन्या रुपयाचा सोन्याचा जोड करून घेणें, ही आपल्याकडे कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. तो देव्हाऱ्यांत होता तोंवर निर्दोष होता. विक्रेत्याच्या तोंडीं ‘अहमदनगरची दुर्मिळ मोहोर’ हे शब्द आले तेव्हां तें बनावट नाणें झालें. मालकांनीं त्यासाठीं धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली रक्कम मोडली होती. आमचा निर्णय ऐकून ते कांहीं बोलले नाहींत, नाणें रुमालांत बांधून उठले, आणि दारापर्यंत जाऊन परत येऊन म्हणाले, “गुरुजी, हें कोणास सांगूं नका.” नांव आम्हीं सांगितलेलें नाहीं, परंतु गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे, कारण तोच विक्रेता उद्यां दुसऱ्या कोणाच्या ओटीवर बसेल.

आतां ‘दुर्मिळ’ या शब्दाकडे वळूं. अमेरिकेंत मुख्य टांकसाळीच्या शाखांतून पडलेल्या सोन्याच्या नाण्यांचे संग्राहक फार. नेवाडांतील कार्सन सिटी येथें इ. स. १८७० पासून १८९३ पर्यंत नाणीं पडलीं. त्यांवर ‘सी सी’ अशीं दोन चिमुकलीं अक्षरें असतात, आणि त्या दोन अक्षरांसाठीं लोक सोन्याच्या कैक पट किंमत मोजतात. प्रथमदर्शनीं हें वेडच. पण त्या वेडास पायाखालीं जमीन आहे. इ. स. १८७० त तेथें वीस डॉलरचीं नाणीं ३,७८९ पडलीं, ही संख्या टांकसाळीच्या वहींत लिहिलेली आहे. पैकीं हयात किती हें संग्राहक पिढ्यान्‌पिढ्या मोजीत आले आहेत. जॉर्जियांतील डालोनेगा येथील टांकसाळ इ. स. १८३८ ते १८६१ चालली. तिचें चिन्ह ‘डी’. पुढें इ. स. १९०६ त डेन्व्हरची टांकसाळ सुरू झाली, तिचेंहि चिन्ह ‘डी’च. आमच्या दोन अहमदनगरांसारखाच हा प्रकार. पण तेथील शाळकरी पोरहि साल पाहून दोहोंतला फरक सांगतें, कारण वह्या छापलेल्या आहेत.

आपल्याकडे मोगली किंवा निजामशाही टांकसाळीची तशी वही संग्राहकाच्या हातीं नाहीं. कोणत्या सालीं किती मोहोरा पाडल्या, हें आपणांस मोजून सांगतां येत नाहीं. मग आपल्या ‘दुर्मिळ’ शब्दाला आधार कशाचा? एकच असूं शकतो: नाणें कोठें सांपडलें, कशांत सांपडलें, कोणत्या नाण्यांच्या संगतींत सांपडलें, याची नोंद. तीच आमची टांकसाळीची वही. आणि नेमकी तीच आमचे संग्राहक आपल्या हातांनीं फाडीत आहेत.

उदाहरण दूरचें नको. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें इ. स. १९०६ त चांदीच्या नाण्यांचा सांठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणीं, सर्व क्षत्रप नहपानाचीं. आणि त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला. एकेक नाणें घेतलें तर तें क्षुल्लक चांदीचें. पण सांठा बराचसा एकत्र राहिला, मोजला गेला, छापला गेला, म्हणून नहपानाचा पराभव करून सातवाहनांनीं त्याचें चलन आपलेंसें केलें, ही गोष्ट लेण्यांतील शिलालेखांच्या जोडीनें नाण्यांवरूनहि सिद्ध झाली. तीं तेरा हजार नाणीं तेरा हजार पेट्यांत गेलीं असतीं, तर प्रत्येक मालकाजवळ एक ‘दुर्मिळ’ नाणें असतें आणि इतिहासाजवळ कांहींच नसतें.

या पृष्ठांच्या वाचकांत हस्तलिखितें जमविणारे पुष्कळ आहेत; त्यांस हें पटवून देण्याची गरज नसावी. जुना कागद छापतांना तो कोणाच्या दफ्तरांतील, कोणत्या रुमालांतील, हें सांगण्याची शिस्त आपण कसोशीनें पाळतों. रुमाल फोडून एखादें मोर्तबाचें पत्र चौकटींत लावणाऱ्यास आपण नांवें ठेवितों. मग तेच गृहस्थ नाण्याच्या बाबतींत “कोठून आणलें तें विचारूं नका” ही अट हंसत हंसत कां मान्य करितात, हें कोडें आम्हांस उलगडत नाहीं. अंशतः तें कायद्याच्या भयानें होतें, हें खरें. इ. स. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते, आणि शेतकऱ्यास वाटतें कीं, वर्दी दिली म्हणजे ठेवा गेला व चौकशी मागें लागली. ही धास्ती घालविणें सरकारचें काम आहे. परंतु भ्यालेल्या शेतकऱ्याचें मौन आणि सुशिक्षित संग्राहकाचें मौन हीं एका तागडींत घालतां येत नाहींत.

त्यांत सोन्याच्या हव्यासानें आणखी एक अनर्थ होतो. आजवर ओळखलीं गेलेलीं निजामशाही नाणीं जवळजवळ सगळीं तांब्याचीं आहेत. यांत कमीपणा कांहीं नाहीं. दक्षिणेंत सोन्याचें चलन म्हणजे होन, आणि विजयनगरी होन सगळीकडे चाले, इ. स. १५६५ त विजयनगर मोडल्यावरहि त्याची पत राहिली. अशा स्थितींत निजामशहास आपला सोन्याचा ठसा पाडण्याची निकड नसावी. मोठे व्यवहार होनांत, बाजार फलूसांवर. म्हणून अहमदनगर, बुऱ्हानाबाद, मुर्तजानगर, दौलताबाद हीं टांकसाळींचीं नांवें ज्या ओबडधोबड तांब्याच्या तुकड्यांवर येतात, तेच या राज्याच्या अर्थव्यवहाराचे खरे साक्षीदार. सोनें हिंडतें; मोहोर जेथें पाडली तेथें राहत नाहीं, सावकाराच्या कमरेस बांधून शंभर कोस जाते. तांबें गांवच्या बाजारांतच झिजतें. निजामशाहीच्या पेठा पाहावयाच्या तर तांब्यांतून पाहाव्या लागतील. आणि तांब्यास विचारतो कोण? पाणिनीनें ‘रूप्य’ शब्द साधला तो आहत, म्हणजे ठसा मारलेल्या, रूपावरून. धातूचें मोल त्याच्या मनांत नव्हतें. टंकशाळेची टांकसाळ करणाऱ्या आम्हां मराठ्यांस मात्र टंक विसरून सोनेंच तेवढें दिसूं लागलें आहे.

हें लिहितांना आमचेच हात स्वच्छ नाहींत, हेंहि सांगून टाकूं. इ. स. १९८८ त आम्ही पारनेर तालुक्यांतील एका गांवीं शिक्षक असतां, विहिरीच्या खोदाईंत एका विद्यार्थ्याच्या वडिलांस तांब्याच्या नाण्यांनीं भरलेलें मडकें लागलें. मुलानें दोन मुठी शाळेंत आणून टेबलावर ओतल्या. आम्हीं विचारलें, “यांत पिवळें कांहीं आहे काय?” तो नाहीं म्हणाला. आम्हीं पोराच्या समाधानासाठीं अकरा नाणीं ठेवून घेतलीं आणि पुढचा धडा काढला. आठवड्यानें बापानें तें मडकें मोडीवाल्यास किलोच्या भावानें घातलें. त्या वेळीं फारसी येत नव्हती, हा बचाव होऊं शकत नाहीं. येत नव्हती तर येणाऱ्यास विचारावयाचें होतें. मडक्यांतील सर्वांत अलीकडचें साल कोणतें, कोणत्या टांकसाळीचीं किती नाणीं, झीज किती, यावरून तें केव्हां व कोणत्या धांदलीपूर्वीं पुरलें गेलें हें सांगतां आलें असतें. एका प्रश्नानें तें सर्व भट्टींत गेलें.

संग्राहकांनीं पुष्कळ वांचविलें आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. सराफाच्या मुशींतून किती नाणीं केवळ त्यांच्या हौसेनें परत आलीं, हें आमच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणूनच त्यांजकडे मागणें आहे तें थोडें आहे. प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठी ठेवा. तींत वजन, व्यास, सांपडण्याचें गांव, बरोबरचीं नाणीं, आणि तें ज्या ज्या हातांतून आलें ते हात, हें लिहा. गांव छापावयाचें नसेल तर छापूं नका, पण लिहून ठेवा. चिंच व लिंबू लावून तांबें लखलखीत करूं नका. कडेचीं अक्षरें त्यांत जातात. आणि शंभर वर्षांहून जुनें नाणें इ. स. १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुरावस्तु आहे, तें परदेशीं पाठवितां येत नाहीं, हें परदेशस्थ आप्तांस भेट देणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या अकरा फलूसांच्या चिठ्या आम्हीं गेल्या पावसाळ्यांत पुऱ्या केल्या. आठांचा मजकूर लागला. त्यांत पांच अहमदनगरचे, तीन बुऱ्हानाबादचे. उरलेल्या तिहींचे लाखेवरील ठसे घेऊन ठेविले आहेत. फारसी जाणणाऱ्या ज्या वाचकांस ते पाहावयाचे असतील त्यांनीं चिटणिसांकडे लिहावें, म्हणजे पाठविण्याची व्यवस्था करूं.