खळी कीं खोट ?

सौंदर्यप्रसाधनाच्या वाङ्मयाला आमचे टीकाकार सहसा हात लावीत नाहींत. परंतु आपल्या घरांतील मुली काव्यसंग्रहांपेक्षां तेंच अधिक मन लावून वाचतात, आणि त्यापायीं पैसा व मनस्ताप दोन्ही सोसतात. तेव्हां त्यांतील एका गाजलेल्या पुस्तकाचा विचार येथें करावयास हरकत नसावी. निकोल रोन्सार या बाईंनीं १९७३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेलें 'सेल्युलाइट' हें तें पुस्तक. मांड्या व नितंब यांवरील त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते, ती नितळ कशी करावी, हा त्याचा विषय.

पुस्तकाचें खरें सामर्थ्य उपायांत नसून नांवांत आहे. हा शब्द फ्रेंच वैद्यककोशांत १८७३ सालींच आढळतो. पण तेथें त्याचा अर्थ त्वचेखालील ऊतींचा दाह एवढाच. पुढें तो फ्रान्सच्या सौंदर्यपत्रिकांत शिरला, १९६८ सालीं 'व्होग' मासिकानें तो अमेरिकन वाचकांपुढें मांडला, आणि या प्रवासांत दाह मागें राहून भीति तेवढी बरोबर गेली. ही चरबी नेहमींची नव्हे, तींत पाणी व शरीरांतील मळ कोंडलेला असतो, असें बाई सांगतात. आणि मग आहार, मालिश, श्वसन, व्यायाम असा मोठा पसारा मांडतात. भाषा इतकी आर्जवी, कीं धडधाकट वाचिकेलाहि आपण आजारी आहों असें वाटूं लागावें!

वस्तुस्थिति साधी आहे. त्वचेपासून खालच्या आवरणापर्यंत तंतूंच्या दोऱ्या गेलेल्या असतात. मधली चरबी वर रेटते, दोरी खालीं ओढते, आणि टाके घातलेल्या गादीप्रमाणें खळगे पडतात. स्त्रियांत या दोऱ्या बहुधा उभ्या असतात. म्हणून सडपातळ मुलीहि यांतून सुटत नाहींत. न्यूर्नबर्गर व म्यूलर या वैद्यद्वयानें १९७८ सालच्या आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच याला कल्पित रोग म्हटलें. वरून चोळलेल्या मलमानें दोरी कशी हलणार ? कॅफिनच्या मलमाचा गुण तात्पुरता; व्यायामानें स्नायु भरले तर खळगे थोडे कमी उठून दिसतात, इतकेंच. दोऱ्या कापण्याचे वैद्यकी उपाय अधिक टिकतात खरे; पण त्या विरघळविणारें जें इंजेक्शन अमेरिकेंत २०२० सालीं मान्य झालें, तें काळ्यानिळ्या डागांपायीं २०२२ च्या अखेरीस उत्पादकांनाच आवरतें घ्यावें लागलें.

यावर आपण पाश्चात्यांना हंसण्याचें कारण नाहीं. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत पार्वतीच्या मांड्यांना उपमान शोधतांना कालिदासानें केळीचा खांब फार थंड म्हणून टाकला, आणि हत्तीची सोंड टाकली ती त्वचा कर्कश म्हणून! गालावरच्या खळीवर कवि लुब्ध होतात; तीच मांडीवर उतरली कीं दोष ठरते.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत रूबेन्सचें 'तीन सौंदर्यदेवता' हें चित्र आहे. त्या मांसल अंगांवरील उंचसखलपणा त्यानें लपविला तर नाहींच, उलट त्यावर प्रकाश खेळविला आहे. या एका बाबतींत कालिदासापेक्षां आम्हांस तोच अधिक रसिक वाटतो. हें चित्र त्यानें विकलें नाहीं. १६४० सालीं तो वारला तेव्हां तें त्याच्याच संग्रहीं होतें.